आय-३, आय-५, आय-७ : नावामागचा हिशेब

निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा या भागांतील घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो : मुलाला लॅपटॉप घ्यायचा आहे, आय-५ घ्यावा की आय-७? हा ‘आय’ कोण, पाच कशाचे आणि सात कशाचे, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते आणि विक्रेत्यालाही ते सांगण्याची निकड वाटत नाही. पाचापेक्षा सात मोठा, म्हणून सातवाला चांगला, एवढ्या अंकगणितावर चाळीस-पन्नास हजारांची खरेदी उरकली जाते. हीच मंडळी सराफाच्या पेढीवर मात्र तोळ्याच्या दागिन्यासाठी हॉलमार्क, घडणावळ आणि घट यांचा हिशेब दोनदा तपासून घेतात!

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अभियांत्रिकीशी माझे नाते नाही. परंतु बँकेच्या सेवेत असताना संगणक-खरेदीच्या कर्जप्रकरणांतील असंख्य कोटेशने माझ्या टेबलावरून गेली, आणि कोटेशन अक्षरशः वाचणे हे आमचे कामच होते. त्या वाचनातून लागलेली ही आवड निवृत्तीनंतर वाढली. तिच्यातून जे हाती आले ते थोडक्यात असे, की प्रोसेसरच्या नावाचा पुढचा भाग ओळखीसाठी असतो आणि यंत्राची खरी कुवत त्यामागून येणाऱ्या आकड्या-अक्षरांत लिहिलेली असते. आपण पुढचा भाग वाचून थांबतो.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू, असे शाळेच्या पुस्तकात असते. मला दुकानातील मुनीमजींची उपमा अधिक जवळची वाटते. मुनीमजी किती भराभर लिहितात, म्हणजे गिगाहर्ट्झ. एकाच वेळी किती मुनीम गादीवर बसले आहेत, म्हणजे कोअर. आणि हाताशी किती चोपड्या उघड्या आहेत, म्हणजे कॅश. चोपडी हाताशी नसेल तर कपाटापर्यंत जावे लागते आणि तेवढा वेळ जातो. या तिन्ही गोष्टींपैकी एकही ‘आय-७’ या नावातून कळत नाही.

मग ही नावे आली कोठून? त्यांचा उगम कारखान्यात कमी आणि न्यायालयात अधिक आहे. इंटेल ही कंपनी १९६८ साली आणि एएमडी १९६९ साली अमेरिकेत स्थापन झाली. आरंभी प्रोसेसरना केवळ क्रमांक असत. १९७८ चा ८०८६, मग १९८२ चा ८०२८६, १९८५ चा ८०३८६, १९८९ चा ८०४८६. लोक त्यांना सुटसुटीतपणे टू-एटी-सिक्स, थ्री-एटी-सिक्स म्हणत. आयबीएमला एकाच पुरवठादारावर विसंबून राहायचे नसल्याने १९८२ च्या करारान्वये एएमडीलाही इंटेलच्या रचनेचे प्रोसेसर तयार करण्याची मुभा मिळाली होती. पुढे दोघींत बेबनाव झाला. एएमडीने आपला ३८६ बाजारात आणण्याची तयारी केली, तेव्हा ‘३८६ हे आमचे व्यापारचिन्ह आहे’ असा दावा घेऊन इंटेल कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेली. न्यायालयाने तो मान्य केला नाही. हा आकडा सर्वांच्या वापरातला झाला आहे, त्यावर एकाची मालकी सांगता येणार नाही, असा निकाल लागला.

आकड्यावर मालकी नाही, तर शब्दावर सांगू, हे इंटेलने त्यावरून ठरवले. पाचव्या पिढीचा प्रोसेसर ‘५८६’ या नावाने यायचा, तो मार्च १९९३ मध्ये ‘पेन्टियम’ या नावाने आला. ग्रीक भाषेतील पाच या अर्थाचा ‘पेन्टा’ आणि त्याला मूलद्रव्यांच्या नावांसारखा शेवट. आपल्या ‘पंच’शी त्याचे नाते सांगण्याची गरज नाही. त्याआधीच, १९९१ पासून, ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू झाली होती. संगणक तयार करणाऱ्या कंपनीने जाहिरातीत हे चिन्ह छापले, की जाहिरातखर्चाचा काही भाग इंटेल उचलत असे. एरवी जो भाग ग्राहकाच्या कधी दृष्टीसही पडत नाही, त्याचे नाव घराघरांत पोचले ते असे.

या पेन्टियमशी महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. ‘पेन्टियमचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. फाळणीनंतर त्यांचे कुटुंब रावळपिंडीहून आले होते. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले, १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले आणि पेन्टियमच्या उभारणीची धुरा त्यांनी वाहिली. गंमत पुढेच आहे. १९९५ मध्ये इंटेल सोडून ते नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये पेन्टियमला टक्कर देणारा एएमडीचा के-६ बाजारात आला, त्यामागेही हेच धाम होते. एकाच सुगरणीने दोन घरांत स्वयंपाक केला, आणि खाणारे मात्र कोणत्या घरची चव श्रेष्ठ यावर वाद घालत बसले! भारत सरकारने २०२५ साली त्यांना पद्मभूषण जाहीर केले.

पेन्टियमची आणखी एक आठवण बँकेच्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतील थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना या प्रोसेसरचे भागाकार क्वचित चुकत असल्याचे आढळले. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले, तर उत्तर १.३३३८२०४ यायला हवे. तो प्रोसेसर १.३३३७३९० सांगत असे. दोष चौथ्या दशांश स्थळी. सामान्य ग्राहकाला त्याने काही फरक पडत नाही, अशी कंपनीची सुरुवातीची भूमिका होती. दिवसअखेर एका पैशाचा फरक निघाला म्हणून रात्री नऊपर्यंत शाखेत खतावण्या पडताळत बसणाऱ्या आमच्या पिढीला ही भूमिका ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अखेरीस डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे कंपनीने मान्य केले आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

एकदा नावाला किंमत आली, की एक नाव पुरत नाही. १९९८ मध्ये इंटेलने स्वस्त संगणकांसाठी ‘सेलेरॉन’ आणि सर्व्हरसाठी ‘झिऑन’ ही नावे आणली. पहिला सेलेरॉन म्हणजे त्या वेळचा पेन्टियम-२ च, फक्त त्याची ५१२ किलोबाइटची दुसऱ्या स्तरावरील कॅश काढून टाकलेली. आमच्या उपमेत सांगायचे, तर मुनीम तोच, पण हाताशी असलेल्या चोपड्या काढून घेतल्या. तो इतका अडखळू लागला, की काही महिन्यांतच १२८ किलोबाइटची कॅश असलेला नवा सेलेरॉन आणावा लागला. एएमडीनेही अॅथलॉन वरच्या पायरीला आणि ड्यूरॉन, पुढे सेम्प्रॉन, खालच्या पायरीला अशी मांडणी केली. २००६ मध्ये इंटेलचे ‘कोअर’ हे नाव आले, २००८ च्या अखेरीस आय-७, २००९ मध्ये आय-५ आणि २०१० च्या आरंभी आय-३. एएमडीने २०१७ मध्ये ‘रायझेन’ आणताना ३, ५, ७ हेच आकडे उचलले. दोन्हीकडचे आकडे सारखे असल्याने ग्राहकाला तुलना सोपी वाटते, पण हे आकडे कोणा तिसऱ्याने मोजून दिलेले नाहीत. प्रत्येक कंपनीने आपापल्या मालाची लावलेली ती उतरंड आहे.

पेन्टियम या नावाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जे नाव १९९३ मध्ये शिखरावर होते, ते ‘कोअर’ आल्यावर उतरणीला लागले आणि आय-३ च्याही खाली जाऊन बसले. २०१७ मध्ये त्याला ‘पेन्टियम गोल्ड’ असे बिरुद लाभले. सुवर्णनगरी म्हणून मिरवणाऱ्या जळगावात ‘गोल्ड’ शब्दाला एक अर्थ आहे. २२ कॅरेट, ९१६ आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांची ओळखखूण असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. प्रोसेसरवरच्या ‘गोल्ड’ला असा कोणताही कस नाही. २०२३ पासून लॅपटॉपसाठी पेन्टियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावे इंटेलने मागे घेतली आणि त्या जागी नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे लिहिण्यास प्रारंभ केला. जुना माल मात्र दुकानांत राहतोच.

आता कारखान्यात डोकावू. सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप एकदम घडवल्या जातात. त्या चकतीला ‘वेफर’ म्हणतात; जळगावकरांना वेफर आणि चिप हे दोन्ही शब्द केळीमुळे परिचयाचेच आहेत! आणि खरोखर, रावेर-यावल पट्ट्यातील केळीबाग ज्याने पाहिली आहे, त्याला पुढचे समजावून सांगावे लागणार नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बागेतला प्रत्येक घड परदेशी जात नाही. एकाच बागेतील, एकाच दिवशी कापलेल्या मालाची प्रतवारी होते. लांब, निर्डाग केळी खोक्यात बसतात, मधली मुंबई-दिल्लीच्या बाजारात जातात आणि उरलेली वेफर्सवाल्याकडे. झाड तेच, खत-पाणी तेच, भाव वेगळा. चिपचेही तसेच. चकतीवरील काही चिप अधिक वेगाने चालतात, काहींचा एखादा कोअर सदोष निघतो. तो कोअर बंद करून ती चिप खालच्या नावाने विकतात. एएमडीने २००८ मध्ये तीन कोअरचा फेनॉम आणला होता, तो मुळात चार कोअरचाच होता. एक बंद केलेला. सदोष माल फेकून देण्याऐवजी योग्य दराने विकला, तर त्यात गैर काही नाही. ग्राहकालाही ते परवडते.

परंतु प्रतवारीच्या नावाखाली आणखी एक प्रकार चालतो आणि तो मला पटत नाही. १९९१ मध्ये इंटेलने ४८६-एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला. त्याच्या आरंभीच्या नगांत गणिती काम करणारा भाग चिपमध्येच होता, तो केवळ निकामी करून ठेवलेला होता. नंतर एखाद्याला गणिती काम हवे झाले, तर त्याने ‘४८७’ नावाची जोडचिप घ्यायची. ही जोडचिप म्हणजे पूर्ण ४८६-डीएक्स असे. ती बसवली की जुनी चिप गप्प बसे. म्हणजे ग्राहकाने दोन चिपचे पैसे मोजून एक वापरायची. २०१० मध्ये तर पेन्टियमच्या एका प्रकारात काही कॅश कुलूपबंद ठेवून, ५० डॉलरचे कार्ड खरेदी केल्यास सॉफ्टवेअरने ती उघडून देण्याची योजना निघाली. घर विकावे आणि एका खोलीची किल्ली स्वतंत्र किमतीला ठेवावी, असा हा व्यवहार. बरीच टीका झाली आणि पुढच्या वर्षी ती योजना गुंडाळली गेली.

असो. गेल्या वर्षी धुळ्याच्या माझ्या मावसबहिणीने अभियांत्रिकीला गेलेल्या मुलासाठी एका दुकानातून वापरलेला, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेतला. घरखर्चातून वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम होती. ‘आय-७ आहे, पुढची पाच वर्षे बघायला नको,’ असे तिला सांगण्यात आले. महिनाभरात तिचा फोन आला, “भाऊ, सातवाला आहे ना, मग चित्र काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की असा अडखळतो का?” मुलाकडून पूर्ण नाव मागवले. आय-७ ७५००यू. हा २०१६ चा प्रोसेसर, कोअर दोन. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या आय-५ ८२५०यू मध्ये चार कोअर आहेत. पुढच्या पिढीतील ‘पाच’ने मागच्या पिढीतील ‘सात’ला बहुतेक जड कामांत मागे टाकले, आणि नाव मात्र सातचेच मोठे राहिले. येथे ७५०० मधील पहिला ७ पिढी सांगतो, ८२५० मधील पहिला ८ पिढी सांगतो. दहाव्या पिढीनंतर पहिले दोन अंक पाहावेत : १२३५यू म्हणजे बारावी पिढी.

त्यातच दुसरी अडचण. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने जी यादी दिली आहे, तीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत. सातव्या पिढीतले अगदी मोजके. ७५००यू त्यात नाही. उलट सेलेरॉन एन४०२० हा दोन कोअरचा, अगदी साधा प्रोसेसर त्या यादीत आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या ‘सात’वाल्यांचा बाजारात सुळसुळाट होण्याचे हेही एक कारण असावे, असा माझा तर्क आहे. बहीण दुकानात गेली, तेव्हा विक्रेता म्हणाला, “ताई, मी आय-७ सांगितला आणि आय-७ च दिला.” पावतीवरही ‘आय-७ लॅपटॉप, एक नग’ एवढेच होते. त्याला खोटे ठरवणार कसे? त्या यंत्राची रॅम वाढवून आता ते आमच्या मेहुण्यांच्या दुकानात टॅलीसाठी उत्तम चालते आहे. मुलासाठी पुन्हा पैसे उभे करावे लागले.

आकड्यांच्या शेवटी असलेले अक्षर तर त्याहून महत्त्वाचे, विशेषतः आपल्या खान्देशात. ‘यू’ म्हणजे वीज कमी घेणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा, साधारण १५ वॉटचा. ‘एच’ म्हणजे जड कामाचा, ४५ वॉटचा. आय-७ १२५५यू आणि आय-५ १२४५०एच शेजारी ठेवले, तर पहिल्यात दमदार कोअर दोन आणि काटकसरी कोअर आठ. दुसऱ्यात दमदार चार आणि काटकसरी चार. सतत जड काम चालवायचे असेल, तर येथेही पाचवालाच सरस ठरतो. शिवाय प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, हा त्याचा स्वभावच आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना, पंखा जेमतेम बसेल अशा पातळ पेटीतला प्रोसेसर पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित दालनात दाखवलेला वेग येथे टिकवू शकत नाही. गादीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्या मुलांनी हे लक्षात घ्यावे. खालची जाळी झाकली गेली की दोष प्रोसेसरला देण्यात अर्थ नाही.

कोअरची नुसती संख्याही फसवते. आय-३ एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत, पण आठही काटकसरी; आय-३ १२१५यू मध्ये सहाच, त्यांतील दोन दमदार. नाव दोघांचेही आय-३. वेगाच्या आकड्याचेही तेच : २००४ मधील पेन्टियम-४ चा ३.८ गिगाहर्ट्झ हा आकडा २००६ च्या कोअर-२ ड्युओला कधी गाठता आला नाही, तरी २.४ गिगाहर्ट्झचा ड्युओ कामात त्याच्या पुढे गेला. कारण एका ठोक्यात किती काम उरकते, हे रचनेवर अवलंबून असते.

एएमडीच्या चाहत्यांनीही निर्धास्त राहू नये. २०२३ च्या मालिकेत त्यांनी जो क्रम लावला, त्यात पहिला अंक वर्षाचा आणि तिसरा अंक रचनेचा आहे. रायझेन ५ ७५२०यू मध्ये तिसरा अंक २, म्हणजे ‘झेन-२’ ही २०१९ ची रचना, कोअर चार. रायझेन ५ ७६४०यू मध्ये तिसरा अंक ४, म्हणजे ‘झेन-४’, कोअर सहा. पेटीवर दोन्हीकडे ‘रायझेन ५, ७००० मालिका’ असेच छापलेले! इंटेलने २०२३ च्या अखेरीस ‘आय’ हे अक्षर गाळून ‘कोअर’ आणि ‘कोअर अल्ट्रा’ अशी दोन दालने केली. त्यामुळे ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ हे वेगळ्या रचनेचे प्रोसेसर आहेत, हे ध्यानात ठेवावे. अॅपलचे २०२० पासूनचे एम मालिकेतील प्रोसेसर हा निराळाच विषय. ते केवळ अॅपलच्याच यंत्रांत मिळतात.

मग घ्यावे काय? आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे काम दुकानाचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार असे असते. त्यासाठी अलीकडच्या पिढीतील आय-३ किंवा रायझेन ३ पुरेसा आहे. वाचलेले पैसे १६ जीबी रॅम आणि चांगल्या एसएसडीकडे वळवावेत. सीए करणाऱ्या मुलामुलींनाही याहून अधिक लागत नाही. बँकेच्या शाखेतील संगणक पाहा. कोअर बँकिंग आल्यापासून खरे काम दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हर करतात, शाखेतले यंत्र ही केवळ खिडकी असते. अभियांत्रिकी, वास्तुरचना, चित्रफितींचे संपादन यांसाठी मात्र ‘एच’ अक्षराचा, किमान सहा-आठ कोअरचा प्रोसेसर घ्यावा, मग तो पाचवाला का असेना. सेलेरॉन फक्त लहान मुलांच्या अभ्यासापुरता, तोही किंमत खरोखर कमी असेल तरच.

पैसे देण्यापूर्वी दुकानातच यंत्र सुरू करायला सांगावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या भागात सीपीयूवर टिचकी मारली, की उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि खाली कोअरची संख्या दिसते. हे नाव शेवटच्या अक्षरासह, रॅम आणि एसएसडीच्या आकड्यांसह, पावतीवर लिहून घ्यावे आणि त्याखाली दुकानाचा शिक्का घ्यावा. विक्रेता ‘संगणकावर तेवढी जागा नाही’ म्हणाला, तर पावतीच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलेलेही चालते. खाली सही आणि तारीख असली म्हणजे झाले.